धुऱ्यावरची लाइन : प्रकल्पाच्या नोंदी

काम : ग्रामपंचायत ते नवी वस्ती, फायबर लाइन टाकणे.
ठिकाण : आमचं गाव, दारव्हा तालुका, जिल्हा यवतमाळ.
पैशाची आणि साहित्याची वही बायकोकडे. तिचं अक्षर सुरेख आणि बेरीज कधी चुकत नाही. कामाची वही ही.

२ एप्रिल २०२३

सकाळी सहाला टेप, चुन्याची पिशवी आणि वही घेऊन निघालो. आधी ग्रामपंचायतीच्या खोलीतली भारतनेटची, म्हणजे गावोगाव फायबरनं इंटरनेट नेणाऱ्या सरकारी योजनेची, पेटी पाहिली. पॉवरचा दिवा हिरवा, पॉनचा (फायबर जोडणीचा) हिरवा, लॉसचा (सिग्नल तुटल्याचा) विझलेला. म्हणजे तालुक्याहून निघालेला उजेड या भिंतीपर्यंत नीट पोचतो. भिंतीच्या पुढे मात्र काही नाही. शाळा, आरोग्य उपकेंद्र, अंगणवाडी आणि वाचनालय ही चारही ठिकाणं नाल्यापलीकडे नव्या वस्तीत आहेत. तिथे मोबाइलची रेंज येते आणि जाते. उपकेंद्राची सिस्टर रोजची माहिती भरायला पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर चढते. उन्हात ती अर्धा-अर्धा तास तिथे उभी असते, हे मी स्वतः पाहिलं आहे.

दोन रस्ते मोजले.

पहिला डांबरी सडकेच्या कडेनं, २,२४० मीटर. सडक रुंद व्हायची आहे. तालुक्याहून येणारी केबल मागच्या दोन वर्षांत याच सडकेवर तीनदा जेसीबीच्या दातात गेली. कंत्राटदार बदलले, केबल तुटण्याची जागा बदलली नाही.

दुसरा पांदणीनं आणि पुढे वावरांच्या धुऱ्यानं, म्हणजे बांधानं, १,३८० मीटर. इथे कोणी सडक करणार नाही. यातला ४१२ मीटर धुरा धाकट्या भावाच्या वावराचा.

दुसरा पक्का करावा असं वाटतं. परवानगी बाकी.

९ एप्रिल

सामानाचा अंदाज काढला. सहा फायबरची चिलखती केबल, ४० मिलिमीटरचा एचडीपीई (टणक प्लास्टिकचा) पाइप, दोन जॉइंट बॉक्स, चार ठिकाणी छोटे स्विच. एकाच फायबरवर जाणं आणि येणं दोन्ही होईल असे मोड्यूल (उजेड पाठवणारे आणि घेणारे भाग) घ्यायचे, एक बाजू १३१० नॅनोमीटर तरंगलांबीवर आणि दुसरी १५५० वर. मग चार जागांना चार फायबर पुरतात. निळं शाळेला, नारिंगी उपकेंद्राला, हिरवं अंगणवाडीला, तपकिरी वाचनालयाला. राखाडी आणि पांढरं शिल्लक.

शिल्लक ठेवण्याची सवय दूरसंचार खात्यातली. मी १९८५ साली नोकरीला लागलो. त्याच वर्षी जानेवारीत डाक आणि दूरसंचार ही दोन खाती वेगळी झाली होती, पण गावात मला शेवटपर्यंत ‘तारवाला’च म्हणत. आई त्या शब्दाला भ्यायची. आमच्याकडे तार आली की उघडण्याआधीच बाया रडायला लागत, कारण तार म्हणजे कोणीतरी गेलं. मुलगा त्याच खात्यात लागला म्हणून तिनं मारुतीला नारळ फोडला, आणि ही बातमी दारात आणण्याची नोकरी नाही ना, हे मला तीनदा विचारून घेतलं.

मी लागलो तेव्हा खेड्यातलं एक्सचेंज म्हणजे हातानं प्लग लावायचा बोर्ड, नाहीतर खडखडणारे जुने यांत्रिक स्विच. १९८४ मध्ये सी-डॉट ही दूरसंचार संशोधनाची सरकारी संस्था स्थापन झाली आणि दोन वर्षांत त्यांनी १२८ पोर्टचं रॅक्स, म्हणजे खेड्यासाठीचं स्वयंचलित एक्सचेंज, उभं केलं. पहिलं जुलै १९८६ मध्ये कर्नाटकात कित्तूरला बसलं. आमच्याकडे ते आलं तेव्हा मी त्याच्याभोवती चार दिवस नुसता फिरत होतो. कपाटाएवढं यंत्र, आणि त्याला एसी लागत नव्हता. चंद्रपूरच्या मे महिन्यात, पत्र्याच्या खोलीत, पंख्यावर ते चालत होतं. परदेशी यंत्रं ज्या खोलीत दोन दिवस टिकली नसती, तिथे आपल्या माणसांनी आपल्या उन्हासाठी बनवलेलं यंत्र वर्षानुवर्षं डायल टोन देत राहिलं. त्या यंत्राबद्दलचा माझा आदर अजून कमी झालेला नाही.

१ मे

महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा. ठराव मंजूर. पंधराव्या वित्त आयोगाच्या अबंधित निधीतून केबल आणि पाइप. खोदाईची मजुरी गावातल्याच माणसांना. माझं मानधन नाही, हे मी उभं राहून सांगितलं आणि सरपंचबाईंनी इतिवृत्तात लिहून घेतलं.

सभेत मागं बसलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, “लाइन येईन, पण बंद पडल्यावर कोन येईन?”

यावर कोणी बोललं नाही. तो प्रश्न हवेतून आलेला नव्हता. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणात १९९७ पर्यंत देशातल्या सगळ्या गावांत फोन नेण्याचं ठरलं होतं. आमच्या गावात १९९६ ला रेडिओवरचा सार्वजनिक फोन आला. ती यंत्रणा अशी की दोन चॅनेल पंधरा ठिकाणांत वाटलेले. दोन गावं बोलत असली की बाकी तेरा गावांनी थांबायचं. सौर पाटीवर धूळ बसली की बॅटरी उतरायची आणि फोन मुका. दुरुस्तीला माणूस यायचा तो महिन्यानं. शेवटी त्या फोनच्या पेटीत चिमण्यांनी घर केलं. म्हाताऱ्यानं ती पेटी पाहिलेली होती.

मी सांगितलं, “काका, गावातलीच दोन माणसं येतील. मी शिकवतो.”

आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक केलेली एक मुलगी आणि स्टँडवर मोबाइल दुरुस्त करणारा एक मुलगा, दोघांनी सभा संपायच्या आत नाव दिलं. खरा प्रकल्प आज सुरू झाला असं मी धरतो.

१० मे

पांदणीकडून खोदाई सुरू. पहाटे पाच ते साडेनऊ. खोली १२० सेंटिमीटर. खात्याचा नियम १६५ चा, तेवढा पैसा नाही. पण १२० च्या वर एक बोटही घेणार नाही, ट्रॅक्टरचा नांगर पोचता कामा नये. दिवसात ३८ मीटर.

११ मे

४४ मीटर. दगड लागला नाही.

१२ मे

३१ मीटर. एका मजुराला ऊन लागलं. उद्यापासून काम नऊलाच बंद. कांदा, ताक आणि मिठाच्या पाण्याची घागर कामावर राहील, ही जबाबदारी बायकोनं घेतली.

१४ मे

खोदाई पांदणीच्या टोकाला आली. पुढे भावाचा धुरा. मी अजून त्याला विचारलेलं नाही.

रात्री बायको म्हणाली, “अहो, गावच्या पन्नास घरांत जाऊन आलात. एका घरात जायचं राहिलं.”

ती नऊ बदल्यांत माझ्याबरोबर फिरली. चामोर्शी, एटापल्ली, दिग्रस, पुसद. प्रत्येक ठिकाणी चूल तिनं मांडली, मुलीची शाळा तिनं पाहिली, आणि मी फॉल्टवर गेलो की परत येईपर्यंत जेवली नाही. तिला मी कुठे अडलो आहे ते न सांगता कळतं.

कारण लिहून ठेवतो. मे १९९३. मी सिरोंचाच्या बाजूला एका गावात रॅक्स चालू करत होतो. इकडे रात्री बाबांच्या छातीत कळ आली. गावात फोन नव्हता. धाकटा सायकलनं अंधारात चौदा किलोमीटर दारव्ह्याला गेला आणि एक्सचेंजच्या खिडकीपाशी उभा राहिला. ऑपरेटर मला ओळखत होता, त्यानं यवतमाळ, मग चंद्रपूर असं जोडत जोडत सर्व्हिस लाइनवर निरोप पोचवला. निरोप मला मिळाला तो पहाटे, मी ज्या यंत्राची चाचणी घेत होतो त्याच यंत्रावर. त्या एक्सचेंजवरून बोललेला तो पहिला शब्द माझ्या बापाच्या मरणाचा होता. पोचायला दीड दिवस लागला. उन्हाळा असा की थांबता आलं नाही. अग्नी धाकट्यानं दिला.

तीस वर्षं झाली. आम्ही बोलतो, लग्नाकार्याला एकत्र असतो. आई त्याच्याकडे राहते, तिचं सगळं तो आणि वहिनी करतात. मी पैसे पाठवत आलो. पण त्या रात्रीबद्दल आम्ही एकदाही बोललो नव्हतो.

१७ मे

संध्याकाळी गेलो. वहिनीनं अंबाडीची भाजी आणि भाकर वाढली. आई खाटेवर. तिला आता कमी ऐकू येतं, पण मी आलो की हात धरून ठेवते.

जेवण झाल्यावर मी विचारलं. तो बराच वेळ सुपारी कातरत राहिला. मग म्हणाला, “बाबा गेले तवा मी त्या खिडकीपाशी उभा होतो. ते मानूस दर पाच मिन्टानं सांगे, लागून रायला, लागून रायला. मले वाटे, यानं साऱ्या दुनियेचे फोन लावले, अन् आपल्या घरचा एक नाई लावला.”

मी म्हणालो, “खरं आहे.”

दुसरं काही बोलण्यासारखं माझ्याकडे नव्हतं. गावाचा नंबर केव्हा लागायचा ते माझ्या हातात नव्हतं, हे त्याला माहीत आहे. मी त्यासाठी एक अर्जसुद्धा केला नव्हता, हे मला माहीत आहे. स्वतःच्या गावासाठी खटपट करणं तेव्हा मला अप्रामाणिकपणा वाटायचा. आज तसं वाटत नाही.

आईनं विचारलं, “काय म्हनते तो?” वहिनीनं तिच्या कानाशी जाऊन सांगितलं, “धुऱ्यावरून तार न्यायची म्हनतेत.” आईनं माझ्याकडे पाहिलं. तार म्हटल्यावर तिच्या चेहऱ्यावर तेच जुनं आलं. मी तिला मोठ्यानं सांगितलं, “चांगली तार आहे, आई.”

उठताना धाकटा म्हणाला, “सकाळी वावरात ये. टेप घेऊन ये.”

१८ मे

पाचला वावरात. तो आधीच होता. मी धुऱ्यावर चुना टाकायला वाकलो तर म्हणाला, “इतून नको.”

मला वाटलं नकार. तसं नव्हतं. त्यानं हातातली काठी धुऱ्याशेजारच्या भेगेत सोडली. चार फुटांची काठी, मुठीपर्यंत आत गेली. मग ती उपसून पाच पावलं पुढे, दुसऱ्या भेगेत. तिथेही तेवढीच.

“हे जमीन उनाळ्यात उकलते अन् पान्यात फुगते. तुया पाइप वढल्या जाईन. त्या लिंबापासून वरच्या अंगानं जाय. तठी हातभर खाली मुरूम हाये. बाबानं हीर खांदली तवा लागला होता.”

मी तिथेच खाली बसलो आणि भेगेत हात घातला. आत गार होतं. भेगेची कड दाबली तर विटेसारखी टणक.

काळी रेगडी पाण्यानं फुगते आणि उन्हानं आकसते, हे मी इंजिनिअरिंगला शिकलो आहे. बेसॉल्ट झिजून झालेली चिकणमाती, कापसाची जमीन. रेगडीत टेलिफोनचे खांब कलतात हेही रोजचं होतं. पण ३५ वर्षांत जे माझ्या लक्षात आलं नाही ते आज आलं. जेलीवाल्या तांब्याच्या केबलचे जॉइंट दरवर्षी पहिल्या पावसात जायचे. आम्ही फॉल्टच्या रजिस्टरात लिहायचो : ‘जॉइंट खराब, पावसामुळे.’ मी स्वतः हे शेकडो वेळा लिहिलं असेल. जॉइंट पावसानं जात नव्हता. मे महिन्यात जमीन उकलताना केबल ओढली जायची, जॉइंटची सील तेव्हाच उघडायची. पावसानं फक्त पाणी आत सोडलं. दुरुस्तीही आम्ही पावसाळ्यात करायचो, आणि पुढच्या मेपर्यंत विसरून जायचो.

धाकट्याला हे सांगितलं. तो म्हणाला, “पऱ्हाटीच्या मुया बी अशाच तुटते.”

नवा मार्ग दोघांनी मिळून मोजला. टेपचं एक टोक त्याच्याकडे, एक माझ्याकडे. लिंबापासून वरच्या अंगानं मुरमाच्या पट्ट्यावरून, विहिरीला वळसा घालून पुन्हा धुऱ्याला. १२६ मीटर वाढले. एकूण १,५०६.

हिशेब पुन्हा केला. फायबरमध्ये उजेड किलोमीटरला ०.३५ डेसिबल (डेसिबल हे घटीचं माप) घटतो, म्हणजे ०.५३. दोन जॉइंटचे ०.२, दोन टोकांच्या कनेक्टरचे १. सगळे मिळून १.७३. मोड्यूल याच्या कितीतरी पट घट सोसतात. १२६ मीटरनं काही बिघडत नाही.

वाढलेल्या पाइपचे पैसे मी घालतो. बायकोच्या वहीत ‘घरचे’ म्हणून नोंद.

२१ ते २७ मे

मुरमात खोदाई हळू, दिवसाला २० ते २५ मीटर. पण खड्ड्याची कड ढासळत नाही, पाइप सरळ बसतो. धाकटा रोज येतो. मजुरांना कुदळ कुठे मारायची ते तोच सांगतो.

जिथे रेगडी टाळता आली नाही तिथे पाइपच्या खाली-वर मुरूम भरला आणि केबल ताणून न टाकता सैल सोडली. प्रत्येक जॉइंटच्या खड्ड्यात दहा मीटरचं वेटोळं. जमीन ओढेल तर त्या वेटोळ्यातून घेईल.

४ जून

आज जॉइंट. एका जुन्या सहकाऱ्यानं स्प्लायसिंग मशीन, म्हणजे फायबरची टोकं वितळवून जोडायचं यंत्र, आठ दिवसांसाठी दिलं. वाऱ्यात आणि धुळीत हे काम होत नाही, म्हणून शाळेच्या वर्गात टेबल मांडलं, खिडक्या लावल्या, दाराला ओलं गोणपाट टांगलं.

पहिलं फायबर मी केलं. दुसरं मुलीच्या हातात दिलं. वरचं रंगीत आवरण काढल्यावर उरते ती १२५ मायक्रॉनची काच, आणि उजेड वाहतो तो तिच्या आतल्या ९ मायक्रॉनच्या गाभ्यातून. दोन काचांचे गाभे समोरासमोर आले नाहीत तर उजेड वाटेतच सांडतो. पहिल्यांदा तिचं फायबर मोडलं. दुसऱ्यांदा कापताना कड तिरपी आली आणि मशीननं घेतलं नाही. तिसऱ्यांदा तिनं हातातल्या बांगड्या काढून दप्तरात ठेवल्या, श्वास रोखला, अल्कोहोलच्या कापसानं काच पुसली. पुसताना काच बारीक किरकिरते, ती किरकिर आली की स्वच्छ झाली समजायचं. कटरचा ‘टक्’ आवाज. दोन टोकं खाचेत ठेवली, झाकण लावलं, बटण दाबलं. पडद्यावर दोन टोकं एकमेकांकडे सरकली, मध्ये ठिणगी, आणि जोड दिसेनासा झाला. ०.०२ डेसिबल.

ती म्हणाली, “काका, कुठे जोडलं ते दिसतच नाही.”

कापलेले तुकडे मी तिला मोजायला लावले. जेवढे कापले तेवढे काळ्या चिकटपट्टीवर चिकटलेले दिसले पाहिजेत. काचेचा तुकडा बोटात गेला तर सापडत नाही, आणि हा वर्ग उद्या मुलांचा आहे. एक कमी भरला. आम्ही दोघं, मग मोबाइलवाला मुलगा, तिघांनी टॉर्च लावून जमीन धुंडाळली. पाऊण तासानं टेबलाच्या पायाशी सापडला.

८ जून

मृग लागला. ढग नाहीत. सगळे खड्डे बुजवले. दर दोनशे मीटरवर दगड रोवला.

अर्थिंगचा खड्डा उपकेंद्रामागे केला. कोळसा, मीठ, मधोमध पाइप. उन्हाळ्यात त्याला रोज बादलीभर पाणी लागतं, नाहीतर अर्थिंग नावालाच उरतं. मुला-मुलीला हे सांगताना एक्सचेंजची बॅटरी आठवली. दोन व्होल्टचे चोवीस सेल, ४८ व्होल्ट, आणि जमिनीला जोडलेलं टोक धन. ऋण जोडलं असतं तर ओलीत तांबं झिजलं असतं. शंभर वर्षांपूर्वीच्या कोणा तारवाल्यांनी शोधलेली ही युक्ती आम्हाला आयती मिळाली. दोघांनी वहीत लिहून घेतलं.

११ जून

ओटीडीआरनं चाचणी. हे यंत्र फायबरमध्ये उजेडाचा ठोका सोडतं आणि वाटेतून परत येणारा अंश मोजतं. काचेत उजेडाला एक किलोमीटर जायला पाच मायक्रोसेकंद लागतात, तेवढं परत यायला. त्या वेळावरून कुठे काय आहे ते मीटरमध्ये कळतं. पडद्यावर डावीकडून उजवीकडे उतरत जाणारी रेघ दिसते.

धाकटा शेजारी उभा होता. त्यानं विचारलं, “ह्या रेघेत आपला धुरा कोठी हाये?”

मी कर्सर फिरवला. पांदणीचं टोक, मग लिंब, मग विहिरीचा वळसा. ५२० पासून १,०५८ मीटरपर्यंत. तेवढ्या भागात रेघ पट्टीनं ओढल्यासारखी. एकही पायरी नाही.

“हिरीत आवाज टाकल्यावानी हाये हे,” तो म्हणाला.

अगदी तसंच आहे. मी मुलांना हे समजावायला फळा भरून टाकला होता.

पाच फायबरमध्ये घट हिशेबापेक्षा कमी. तपकिरीत दुसऱ्या जॉइंटला ०.३. मुलीनं तो पुन्हा केला. आता ०.०४.

३० जून

शाळा सुरू झाली. चारही ठिकाणं चालू. सिस्टरनं उपकेंद्राच्या टेबलाशी बसून माहिती भरली.

२२ जुलै

काल रात्रीपासून जिल्ह्यात भयंकर पाऊस. महागाव तालुक्यात आनंदनगर तांड्यावर लोक पुरात अडकले, हेलिकॉप्टर मागवावं लागलं, ही बातमी दुपारी कळली. आमच्याकडे नाला सडकेवर आला. वीज रात्री एकलाच गेली. सकाळपर्यंत मोबाइलचा टॉवरही मुका झाला.

लाइन चालू. ग्रामपंचायतीत सौर पाटीची बॅटरी, उपकेंद्रात आम्ही ठेवलेली बारा व्होल्टची. पाणी सडकेवर यायच्या आधी, काल संध्याकाळीच, सिस्टरनं याच लाइनवर डॉक्टरांशी बोलून एका गरोदर बाईला तालुक्याला हलवलं होतं. बाई आणि तिचे घरचे सुखरूप पोचले.

मी उजाडताच जॉइंट पाहायला निघालो. विहिरीपाशी पोचलो तर खड्ड्याच्या काठावर धाकटा, डोक्यावर घोंगडं, हातात डबा. रात्री दोनदा येऊन गेला होता. खड्ड्यात मांडीएवढं पाणी, त्यानं ते उपसत आणलं होतं. जॉइंट बॉक्स पाण्याखाली राहिला तरी चालतो, सील त्यासाठीच असते, हे मी त्याला सांगितलेलं होतं.

“मालूम हाये,” तो म्हणाला, “पन झोप नाई आली.”

दोघांनी मिळून राहिलेलं पाणी काढलं. बॉक्स उघडला नाही. मुलीनं तिकडून चाचणी घेतली : घट जूनइतकीच.

६ ऑगस्ट

फॉल्टचं रजिस्टर आता मुलीकडे. पहिल्या महिन्यात तीन तक्रारी. दोन वीज नसल्याच्या, एक अंगणवाडीत उंदरानं पॅचकॉर्ड (जोडणीची छोटी केबल) कुरतडल्याची. तिन्ही त्याच दिवशी मिटल्या, माझ्याशिवाय. मी त्या दिवशी यवतमाळला आईच्या कानाचं यंत्र आणायला गेलो होतो.

१३ सप्टेंबर

संध्याकाळी खांदशेकणी. वहिनीनं तूप-हळद दिली, धाकट्यानं बैलांच्या खांद्याला चोळली आणि कानाशी जाऊन म्हणाला, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” आईनं नवीन यंत्र लावलं होतं. तिला ते गोठ्यापासून ओसरीपर्यंत ऐकू आलं. तिनं खाटेवरूनच बैलांना तेच आमंत्रण परत दिलं.

१४ सप्टेंबर, पोळा

दुपारी तोरणाखाली गावातल्या सगळ्या जोड्या. नव्या वस्तीपलीकडच्या तांड्यावरूनही जोड्या आल्या होत्या. तांड्याचे नाईक मला बाजूला घेऊन म्हणाले, आमच्या पोरांना ऑनलाइन फॉर्म भरायला अजून टाकीवरच चढावं लागतं.

मी राखाडी आणि पांढऱ्या फायबरचा विचार करत होतो. धाकट्यानं बैल सालगड्याच्या हाती दिले आणि घरातून टेप घेऊन आला.

मोजणी : वाचनालयाच्या भिंतीपासून तांड्याच्या देवळापर्यंत ८७० मीटर. वाटेत एक नाला, त्यावर १२ मीटरचा लोखंडी पाइप लागेल. पहिले ३०० मीटर रेगडी. त्यापुढे मुरूम असावा असं धाकट्याचं म्हणणं. मे महिन्यात भेगा पाहून मार्ग पक्का करायचा.